उसन्या आवाजाची बाई

ओब्दुलिया : पुन्हा म्हणा. आणि शेवटचं अक्षर गिळू नका.

कासिल्दा : "साहेब, माझ्या मानसाची हाडं कुठं हायत, तेवढं सांगा."

ओब्दुलिया : 'माणसाची'. आणि 'हायत' नाही, 'आहेत'. जीभ वर जाऊ द्या. ती मरगळल्यासारखी पडून राहते तुमची.

कासिल्दा : मा...णसाची. न्हाई जमत, बाई. आमच्या आल्मेरियात वाराच असा, शेवटचं अक्षर तोंडात ऱ्हातच न्हाई, उडून जातं.

ओब्दुलिया : माद्रिदला येऊन किती वर्षं झाली तुम्हाला?

कासिल्दा : सव्वीसच्या सव्वीस वर्षं हितंच हाय. पन ह्या तोंडाला कुनी कामच दिलं न्हाई, तर ते सुधारनार कसं? कॅमेऱ्यापुढं मी ओठ हलवते, आन् मागनं तुमी बोलता.

ओब्दुलिया : हो ना. मग एक विचारते, कासिल्दाबाई. राग मानू नका. वीस वर्षं होत आली, तुमच्या प्रत्येक चित्रपटात तुमच्या ओठांवर मी बोलते आहे. तुमची ननही मीच, स्वयंपाकीणही मी आणि खाष्ट सासूही मीच. एवढ्या काळात तुम्ही माझ्या घराचा जिना कधी चढला नाहीत. आज चार मजले चढून आलात, ते माझाच आवाज माझ्याकडून शिकायला?

कासिल्दा : तुमचा कसा म्हनू? लोक तर त्याला माझाच म्हनत्यात. मासळीच्या दुकानात गेलं की दुकानदार ओरडतो, "बाई, ते 'जिना पुसलाय, पाय उचलून चढा' एकदा म्हना की!" मी नुसती हसते, बोटानं सार्डिन दाखवते, पुडी घेते आन् सुटते. त्याला वाटतं मला कमी ऐकू येतं. मोठ्यानं किंमत सांगतो बिचारा.

ओब्दुलिया : ते वाक्य मी घसा बसला असताना म्हटलं होतं. म्हणून ते तसं आलं.

कासिल्दा : बगा, हे मला ठावंच नव्हतं.

ओब्दुलिया : तुम्ही कधी विचारलंत?

कासिल्दा : ... पुन्यांदा म्हनू का मी ते वाक्य?

ओब्दुलिया : आधी मला समजू द्या. या कोल्दोनं, तुमच्या त्या दाढीवाल्या दिग्दर्शकानं, तुम्हाला काय सांगितलं नेमकं?

कासिल्दा : त्यानं मला कपडेपटात भांडताना ऐकलं. माझ्या झग्याची बाही उसवली व्हती, मी शिवनाऱ्या पोरीवर तोंड सोडलं. गावाकडच्या शिव्या, एकेक हातभर लांब. हा पोरगा दारात उभा. म्हनाला, "कासिल्दा, हाच. हाच आवाज पायजे मला. मागनं कुनी बोलायचं न्हाई. जागच्या जागी धरायचा, जसा हाय तसा." आन् मग त्यानं मला मोठी भूमिका दिली. अख्ख्या पिच्चरभर मी, बाई. उभ्या जल्मात मी कधी दोन दृश्यांच्या वर टिकले न्हाई. एक तर दार उघडायचं, न्हाई तर ताट ठेवून जायचं.

ओब्दुलिया : यादवी युद्धातल्या विधवेची भूमिका. नवऱ्याला रात्री घरातून नेलं, रस्त्याकडेच्या चरात पुरलं, आणि चाळीस वर्षांनी ही कचेऱ्यांची दारं ठोठावते.

कासिल्दा : तुमाला कसं ठावं?

ओब्दुलिया : आपल्या धंद्यात बोलतात. आणि तो मुलगा म्हणतो तुमचाच आवाज हवा, तर बोला की तुमच्याच आवाजात. त्याला माझा नको आहे.

कासिल्दा : हसतील, बाई. तुमी नव्हता त्या दिवशी. माझा पयला पिच्चर. मी मोलकरीन. एकच वाक्य, "सूप थंड झालं, मालक." म्हटलं मी. आन् समदे हसले. दिवेवाला शिडीवर व्हता, तो शिडी धरून हसला. दिग्दर्शक म्हनाला, "चेहरा ठेवा, आवाज फेका." तेव्हापासनं मी माझ्या घरात पन हळू बोलते. नवरा जित्ता व्हता तेव्हा त्याला वाटायचं, मी सदाची रुसलेली. आता त्या कोल्दोला वाटतंय सोनं गावलं. उद्या पडद्यावर आलं की त्याला कळंल ते पितळ हाय. म्हनून म्हटलं, तुमच्यासारखं बोलायला शिकते. गुपचूप. त्याला वाटंल कॅमेऱ्यापुढं सुधारले.

ओब्दुलिया : शिकायची गरज पडणार नाही.

कासिल्दा : म्हंजे?

ओब्दुलिया : निर्माता मिंगेस मला भेटला. कोल्दोला म्हणे बोलू द्यायचं, त्याच्या मनासारखं चित्रण होऊ द्यायचं. आणि सगळं झालं की तुमचा आवाज काढून माझा घालायचा. मी होकार दिला आहे.

कासिल्दा : कधी दिला?

ओब्दुलिया : गेल्या आठवड्यात.

कासिल्दा : आन् तरी तासभर मला घोटवत बसलात? 'मानसाची' न्हाई 'माणसाची' करत?

ओब्दुलिया : मला बघायचं होतं तुम्ही किती वेळ सोसता ते. वाईट आहे, मला कळतं.

कासिल्दा : न्हाई म्हना त्याला. तुमच्या पाया पडते.

ओब्दुलिया : का म्हणू? या खेपेला मी मिंगेसला अट घातली. पडद्यावर माझं नाव आलं पाहिजे. 'कासिल्दा बार्रिओनुएवोचा आवाज : ओब्दुलिया सेंदिनो.' आणि तो हो म्हणाला. आजवर केशभूषेवाल्याचं नाव आलं, घोडे पुरवणाऱ्याचं आलं, माझं नाही. तुम्हाला त्या साली पारितोषिक मिळालं, आठवतं? मी सज्जात बसले होते. मीच विकत घेतलेल्या तिकिटावर. वाटलं, आज तरी ही एक शब्द बोलेल. तुम्ही वर गेलात, मूर्ती छातीशी धरलीत, मान लववलीत आणि रडत खाली उतरलात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आलं, 'केवढा हा विनय!'

कासिल्दा : विनय कुठला, बाई? मी तोंड उघडलं असतं तर समद्यांना कळलं असतं की ते बक्षीस अर्धं तुमचं.

ओब्दुलिया : मग कळू द्यायचं होतं.

कासिल्दा : तेव्हा पोटाचा इचार केला मी. खोटं कशाला बोलू.

ओब्दुलिया : मग आता मी माझ्या पोटाचा करते.

कासिल्दा : करा. तुमचं बरोबरच हाय. निघते मी. ... न्हाई, एक ऐका. तुमाला हे कुनी सांगितलं नसंल. माझ्या आईचे डोळे गेले व्हते. आमच्या गावात उन्हाळ्यात भिंतीला चुना लावून पिच्चर दाखवायचे, खुर्च्या ज्यानं त्यानं घरनं न्यायच्या. माझा पिच्चर लागला. धाकट्या भैनीनं आईला हाताला धरून नेलं. मी पडद्यावर आले, समद्या गावानं टाळ्या पिटल्या. आई भैनीला इचारती, "कासिल्दा कधी येनार?" ती म्हनाली, "आगं, आली की, तीच बोलतीया." आई म्हनाली, "ही व्हय? ही तर कुनी शिकलेली, शहरातली बाई हाय. माझी पोर कधी येनार?" पिच्चर सरला, खुर्च्या उचलल्या, तरी ती इचारतच व्हती. मरेस्तवर तिची समजूत, मी तिला खोटं सांगते. मी नटी न्हाई, माद्रिदला कुठंतरी भांडी घासते.

ओब्दुलिया : हे तुम्ही मला याआधी कधीच का नाही सांगितलं?

कासिल्दा : कोनत्या तोंडानं सांगू?

ओब्दुलिया : ... बसा. कॉफी निवली, दुसरी करते. मी तुम्हाला काहीही कबूल करत नाही, हे लक्षात ठेवा. पण ज्या दिवशी तुमचा आवाज पुसून माझा भरायचा असेल, त्या दिवशी मी तुम्हाला तिथे बोलावीन. तुमच्या माघारी आजवर पुष्कळ केलं. हे तुमच्यासमोर करीन.

* * *

लिसार्दो : अरे देवा, कासिल्दा! तुम्ही इथं? नटीनं आवाजाच्या खोलीत यायचं म्हणजे मढ्यानं आपल्याच मयताला हजर राहायचं!

कासिल्दा : मला बोलावनं हाय.

ओब्दुलिया : मी बोलावलं, लिसार्दो. बसू दे तिला तिथे, त्या स्टुलावर.

लिसार्दो : बसू दे की. पण ध्वनिमुद्रण माझ्या ताब्यात आहे, तेव्हा शिंक आली तरी गिळायची. हे बघा, त्या काचेपलीकडे पडदा. दृश्याचा तुकडा फिरेल. आधी तुमचा आवाज ऐकवीन, मग तो बंद. तुम्ही ओठ हलवाल, ओब्दुलिया या मायक्रोफोनवर बोलेल, आणि तुम्ही गप्प.

कासिल्दा : त्याची सवय हाय मला.

लिसार्दो : हजरजबाबी! हे पडद्यावर कधी दिसलं नाही बुवा. चला, बाईसाहेब, तयार? मिंगेसला परवा सगळं हवं. जाहिराती लागल्यात. पडद्यावरच्या नावांच्या पाट्याही लिहून आल्यात, त्यात तुझं नाव आहे, ओब्दुलिया, बघितलंस? चांगलं ठसठशीत आहे. मी म्हटलं मिंगेसला, उशिरा का होईना, सुबुद्धी झाली तुला.

ओब्दुलिया : बघितलं. लाव तू.

(पडद्यावर काळ्या कपड्यांतली बाई कचेरीच्या मेजापुढं उभी आहे. एकदा कासिल्दाचा आवाज ऐकू येतो. तुकडा मागे जातो. आता नुसते ओठ हलतात, आणि खोलीत ओब्दुलिया बोलते.)

ओब्दुलिया : "साहेब, माझ्या माणसाची हाडं कुठे आहेत, तेवढं सांगा. मी काही मागायला आले नाही. तेवढं सांगा, मी जाते."

लिसार्दो : वा! ओठाला ओठ. एका फेरीत! तुझ्यासारखी तूच. पुढचा तुकडा.

ओब्दुलिया : थांब. पुन्हा लाव. तिचा आवाज.

लिसार्दो : कशाला? झालं की ते.

ओब्दुलिया : लाव रे बाबा. ... हं. इथं, 'तेवढं सांगा'च्या आधी ही थांबते. मध्येच, शब्द तुटतो. हा श्वास इथं कशासाठी घेतलात, कासिल्दाबाई? कागदावर तर विराम नाही.

कासिल्दा : श्वास न्हाई तो. पुढचं वाक्य इसरले व्हते. तुमी शिकवलेलं आठवाया गेले, 'माणसाची, माणसाची' करत, आन् मागचं-पुढचं समदंच गेलं.

लिसार्दो : आणि त्या वेड्या कोल्दोनं तेच ठेवलं. पुढं बघ, तिथं तर कमालच आहे. कागदावर नसलेलंच काहीतरी बडबडते ही.

ओब्दुलिया : लाव ते.

लिसार्दो : आता यात हा थंडीचा विषय कुठून आला? मी तर म्हणतो तिथं वाद्यांचा आवाज चढवू आणि...

ओब्दुलिया : लिसार्दो, लाव आणि गप्प बस. (पडद्यावरून कासिल्दाचा आवाज येतो.) "त्यान्ला पायाला गारठा सोसत न्हाई, साहेब. मोजं घातल्याबिगर झोपायचे न्हाईत कधी. आन् तुमी अनवानी नेलंत." हे कुठून आलं?

कासिल्दा : आई म्हनायची. बापाचं. थंडी पडली की दरसाल म्हनायची. माझ्या बापाला पन तसंच नेलेलं. मी तीन वर्षांची व्हते, मला काय त्याचं तोंड आठवत न्हाई.

लिसार्दो : ... मला हे ठाऊक नव्हतं, कासिल्दा.

कासिल्दा : कुनालाच न्हाई. तेव्हा बोलायची सोय व्हती का कुनाला?

ओब्दुलिया : आवाज बंद कर. मी म्हणून बघते. "त्यांना पायाला गारठा सोसत नाही, साहेब. मोजे घातल्याशिवाय..." नाही. पुन्हा. "त्यांना पायाला..." नाही, नाही.

लिसार्दो : का? सुरेख जमलं होतं.

ओब्दुलिया : सुरेखच तर जमलं. मी बोलले की ही बाई शिकलेली वाटते. शिकलेल्या बाईला त्या साहेबानं निदान खुर्ची तरी दिली असती. मग तिला चाळीस वर्षं दारोदार कशाला फिरावं लागलं असतं?

लिसार्दो : मग जरा गावठी बोल. करतेस की तू नक्कल.

ओब्दुलिया : तिच्या बापाच्या पायांची मी नक्कल करू? ती तिथं बसलेली असताना?

लिसार्दो : तिला बाहेर पाठवू हवं तर.

ओब्दुलिया : मी हे करत नाही, लिसार्दो. मिंगेसला सांग.

लिसार्दो : ओब्दुलिया, शुद्धीवर ये. तुझं नाव पडद्यावर यायचंय. आणि मिंगेसला एकदा नाही म्हटलं की तो पुन्हा दारात उभं करत नाही. त्याचे मित्र पण नाही करत. तुझं वय काय, माझं वय काय! आपल्याला कोण विचारणार?

ओब्दुलिया : ठाऊक आहे.

लिसार्दो : तो दुसरी कुणी आणील.

ओब्दुलिया : आणू दे की. लोकांना कासिल्दाचा म्हणून एकच आवाज माहीत आहे, तो माझा. तिसरीचा आवाज लावला तर थेटरात खुर्च्या फेकतील, हे मिंगेसला चांगलं समजतं. परवा द्यायचं आहे ना सगळं? मग जे आहे ते तसंच जाईल.

कासिल्दा : बाई, माझ्यापायी करू नका असं. म्हना तुमी. आता माझं काय न्हाई. मी ऐकलं माझं एकदा, लई झालं.

ओब्दुलिया : मी सगळं तुमच्यासाठी करते आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? आजवर माझ्या आवाजात कुणी खोट काढली नाही. ही खोट राहिली असती. लिसार्दो, माझा डगला दे. तो दाराच्या मागे आहे.

* * *

कासिल्दा : तू पिच्चर बघून आलीस खरंच?

ओब्दुलिया : दुपारच्या खेळाला गेले. कॅफेत यायला उशीर झाला तो त्यामुळेच. तू अजून गेली नाहीस?

कासिल्दा : छाती व्हत न्हाई. भैनीनं गावाकडनं फोन केला व्हता. म्हनाली, बाया पयल्यांदा हसल्या. मी म्हटलं, झालं! तर म्हनती, "आगं, आपल्यासारखं बोलतीया म्हनून हसल्या. मग गप्प झाल्या. खेळ सरला तरी कुनी उठंना." पन गावाचं गावापाशी. हितलं सांग. माद्रिदचं.

ओब्दुलिया : थेटर निम्मं भरलं होतं. बरं होतं त्या मानानं.

कासिल्दा : खरं सांग, ओब्दुलिया. तुझं तोंड मला दिसतंय.

ओब्दुलिया : वर्तमानपत्र वाचलंस?

कासिल्दा : न्हाई. वाच तूच.

ओब्दुलिया : वाचायचं काय त्यात. लिहिलंय, काम थोर आहे, पण निर्मात्यानं एवढ्या गुणी नटीला कुणा परक्या खेडवळ बाईचा आवाज का दिला, कळत नाही. तिचा तो ओळखीचा, घरचा आवाज काढून घेऊन तिच्यावर अन्याय केला, म्हणे.

कासिल्दा : परक्या बाईचा.

ओब्दुलिया : हं.

कासिल्दा : म्हंजे माझाच आवाज उसना ठरला व्हय? आन् तुझा माझा?

ओब्दुलिया : हसतेस काय?

कासिल्दा : मग काय करू, रडू? रडायचा आवाज तरी कुनाचा काढू?

ओब्दुलिया : थेटरातही माझ्या मागच्या रांगेत एक बाई सारखी पुटपुटत होती. "शी, हा कुणाचा आवाज लावलाय, कासिल्दा असं बोलत नाही." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मला राहवेना. मी वळले आणि सांगितलं, "बाई, हा तिचा स्वतःचाच आवाज आहे. नीट ऐका." अंधारात ती एकदम दचकली. माझा हात धरला तिनं. म्हणाली, "कासिल्दाबाई, तुम्ही?"

कासिल्दा : आगं बाई! मग?

ओब्दुलिया : मग काय. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा आवाज ओळखला, तो असा. मी म्हटलं, "नाही, मी नव्हे." तिला ते पटलं नाही. पण ती गप्प झाली. आणि ते पायांचं वाक्य आलं ना, तेव्हा तिनं माझा हात सोडला नव्हता अजून. तिचा हात घट्ट झाला. एवढंच मला सांगता येईल तुला.

कासिल्दा : घट्ट झाला?

ओब्दुलिया : वळ उठले बोटांचे. हे बघ.

कासिल्दा : ... मिंगेसचं काही आलं तुला?

ओब्दुलिया : त्याचं नाही, आणि दुसऱ्या कुणाचंही नाही. लिसार्दो तेवढा भेटतो, चोरून, दुसऱ्या गल्लीत. मी वायादोलिदला जाते आहे गुरुवारी. बहिणीचं दोऱ्या-बटणांचं दुकान आहे. ती म्हणते, गल्ल्यावर बस, तुझं बोलणं ऐकायला गिऱ्हाईक येईल.

कासिल्दा : माझ्यापायी झालं हे समदं. शिव्या तरी दे मला.

ओब्दुलिया : शिव्यांत तुझा हात कोण धरणार? मला नाव हवं होतं, ते मीच सोडलं. काही रात्री वाटतं की वेडेपणा केला. काही रात्री वाटत नाही. तुझ्यापाशी खोटं बोलत नाही. ... तुझं काय? त्या कोल्दोनं पुढचं काही दिलं?

कासिल्दा : त्यालाच कुनी पैसा देत न्हाई आता. बाकीचे म्हनत्यात, बाईचा जुना आवाज गेला, हा नवा गिऱ्हाइकाला पटत न्हाई. पन एक काम आलंय. दूरचित्रवानीवर. मठातली नन, म्हातारी.

ओब्दुलिया : बरं झालं की! मोठी आहे?

कासिल्दा : तेराच्या तेरा भागांत हाय. मुकी हाय ती.

ओब्दुलिया : ... घेतलीस?

कासिल्दा : घेतली. पन आपन बी अट घातली. तिला दोन जागी खोकला येतो. तेवढा मी माझा खोकनार.